मुलीचे संदेश आम्ही चोरून वाचले, आता बोलायचे कसे?

पत्र : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. तिला स्वतंत्र फोन दिला तेव्हा माझ्या पतींनी तिला न सांगता त्यात पाळत ठेवणारे एक ॲप बसवले. गेले सहा महिने आम्ही दोघे तिचे संदेश वाचत आहोत. तिच्या वर्गातली एक मुलगी अडखळत बोलते. तिची टवाळी करणारे एक पान तीन-चार मुली टोपणनावाने चालवतात, त्यांत आमची मुलगी आहे आणि तिथला सर्वांत बोचरा मजकूर तिचाच आहे, हे मागच्या आठवड्यात कळले. मैत्रिणींना पाठवलेल्या संदेशांत तिने आमच्याविषयीही बरेच कडवट लिहिले आहे. पतींचे म्हणणे असे, की फोन आपण घेऊन दिला आहे, तेव्हा त्यातले वाचण्याचा आपल्याला अधिकार आहे. ॲपविषयी काहीच बोलू नये आणि दुसरे काहीतरी निमित्त काढून फोन काढून घ्यावा. टोपणनावाने लिहिण्यावर कायद्यानेच बंदी हवी, असेही त्यांना वाटते. मला तिच्याशी बोलायचे आहे, पण बोलले तर मी वाचते हे उघड होईल आणि तिचा विश्वास कायमचा जाईल. मी काय करू? जाता जाता सांगते, दोन महिन्यांपूर्वी तिने लहानपणापासूनचे आपले सगळे फोटो माझ्या खात्यावरून काढून टाकायला सांगितले होते, मी ते हसण्यावारी नेले. – एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. त्यात तुमच्या मुलीची काळजी आहे, पतींशी झालेल्या मतभेदाचा ताण आहे आणि स्वतःविषयीची खंतही आहे. जी मुलगी अडखळत बोलते, तिला मात्र पत्रात एवढीच जागा मिळाली आहे, की ती वर्गात आहे. हा दोष काढण्यासाठी मी हे म्हणत नाही. आपले मूल संकटात दिसले की आईबापांना बाकीचे धूसर दिसू लागते. पण उत्तराची सुरुवात तिच्यापासून करायला हवी, कारण तुम्ही योग्य वेळेची वाट पाहत आहात तोवर ते पान उघडे आहे, त्यावर रोज काही ना काही लिहिले जात आहे आणि ती मुलगी रोज त्याच वर्गात जाऊन बसत आहे. म्हणून तुमच्या मुलीशी बोलणे उद्या-परवापर्यंत व्हायला हवे. मनाची पूर्ण तयारी होईपर्यंत थांबणे तुम्हाला परवडेल, त्या मुलीला परवडणार नाही.

बोलण्याची सुरुवात तुमच्या कबुलीने करा. "तुझ्या फोनात आम्ही तुला न सांगता एक ॲप बसवले होते, सहा महिने तुझे संदेश वाचत होतो, ते चुकले, आणि ते ॲप आज तुझ्यासमोर काढून टाकणार आहोत," असे साध्या शब्दांत सांगा, आणि तिला रागावण्यासाठी वेळ द्या. ती ओरडेल, रडेल, कदाचित दार लावून बसेल. त्या वेळी "पण तू काय केलेस ते बघ" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. तुमच्या चुकीचे बोलणे पुरते झाल्याशिवाय तिच्या चुकीचे बोलणे काढू नका, कारण दोन्ही एकत्र झाली तर तुमची माफी तिला पुढच्या आरोपाची प्रस्तावना वाटेल. दुसरे बोलणे त्याच दिवशी, पण थोड्या वेळाने करा.

विश्वास जाईल, ही तुमची भीती खरी आहे. विश्वासाला धक्का बसणारच आहे, आणि तो तुमच्या बोलण्यामुळे बसणार नसून सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या निर्णयामुळे बसणार आहे. आता एवढेच ठरवायचे आहे, की ही गोष्ट तिला तुमच्या तोंडून कळावी की कधीतरी फोनच्या सेटिंगमध्ये स्वतःच सापडावी. तुमचे पती म्हणतात तसे दुसरे निमित्त काढून फोन काढून घेतला, तर तिला न केलेल्या गोष्टीची शिक्षा होईल आणि केलेल्या गोष्टीविषयी घरात कोणी चकार शब्द काढणार नाही. पान तर चालूच राहील, कारण ते चालवणाऱ्या आणखी दोन-तीन मुली आहेत. शिवाय तुमच्या मुलीने टोपणनावाआड राहून लिहिले ते आपल्याला कोणी जाब विचारणार नाही या भरवशावर, आणि तुम्ही दोघांनी ॲपच्या आडून वाचले तेही त्याच भरवशावर. आडोसा सोडून पुढे ये, असे तिला सांगायचे असेल, तर आधी तुम्हाला आडोशातून बाहेर यावे लागेल. ही माफी युक्ती म्हणून मागू नका. ती मागण्यासारखी गोष्ट तुमच्या हातून घडली आहे.

आता तुमच्या पतींच्या म्हणण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण ते म्हणणे एकट्या त्यांचे नाही. फोन आपण घेऊन दिला म्हणून त्यातला मजकूर आपला, हा युक्तिवाद घराघरांत ऐकू येतो. वस्तूची मालकी आणि पत्रव्यवहाराचा अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत. वही आणि पेन आपण विकत आणतो, म्हणून मुलाने त्या वहीत लिहिलेली रोजनिशी आपली होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे १६वे कलम मुलांच्या खासगीपणात आणि पत्रव्यवहारात मनमानी हस्तक्षेप करण्यास मनाई करते. त्याच संहितेचे ५वे कलम आईवडिलांचा मार्गदर्शनाचा अधिकार मान्य करते आणि हे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेनुसार असावे, असे सांगते. या संहितेवर देखरेख करणाऱ्या समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाविषयी स्वतंत्र भाष्य प्रसिद्ध केले. पालकांनी मुलांच्या ऑनलाइन व्यवहारावर ठेवलेले लक्ष प्रमाणात असावे आणि मुलाच्या वाढत्या समजेशी सुसंगत असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे लक्ष ठेवूच नये, असे कोणी म्हटलेले नाही. प्रश्न किती आणि कसे, एवढाच आहे, आणि चौदाव्या वर्षी सगळे संदेश, गुपचूप, सहा महिने, हे प्रमाण मला कोणत्याही मापाने योग्य वाटत नाही.

तुमच्या पतींनी आणखी एका गोष्टीचा विचार केला नसावा. ही ॲप चालतात कशी? अनेक सेवांत संदेश एका फोनातून दुसऱ्या फोनात जाताना वाटेत कुलूपबंद असतो, त्यामुळे तो मधल्या मध्ये कोणी वाचू शकत नाही. पण वाचण्यासाठी तो कुठेतरी उघडावाच लागतो, आणि पाळत ठेवणारे ॲप नेमके तिथे, म्हणजे फोनच्या पडद्यापाशी बसलेले असते. अनेकदा त्यासाठी दृष्टिहीन व्यक्तींना पडदा वाचून दाखवण्याच्या सोयीसाठी ठेवलेली परवानगी वापरली जाते. पडद्यावर दिसलेला मजकूर ते टिपते आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते. तुम्ही तो तिथून वाचता. याचा अर्थ तुमच्या मुलीचे सहा महिन्यांचे संदेश आज एका परक्या कंपनीकडे साठलेले आहेत. त्यांत तिच्या मैत्रिणींनी विश्वासाने तिला लिहिलेले संदेशही आहेत, आणि त्या मुलींच्या आईवडिलांनी तुम्हाला तशी परवानगी कधीही दिलेली नव्हती. अशा कंपन्यांकडची माहिती बाहेर फुटल्याचे प्रकार अनेकदा घडले आहेत. स्पायफोन नावाच्या अशाच एका ॲपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये पाळतीच्या व्यवसायातून बाहेर काढले आणि बेकायदा गोळा केलेली माहिती नष्ट करायला लावली. मुलीच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या उपायानेच तिची सर्वांत खासगी माहिती घराबाहेर गेली आहे, हे तुमच्या पतींना शांतपणे सांगा. मालकीच्या वादापेक्षा हा मुद्दा त्यांना लवकर पटेल, असे मला वाटते.

म्हणून ॲप काढताना नुसते चिन्ह पुसून थांबू नका. त्याला दिलेल्या परवानग्या रद्द झाल्या का ते पाहा, कंपनीकडचे तुमचे खाते बंद करा आणि साठवलेली माहिती नष्ट करण्याची लेखी मागणी करा. नंतर मुलीला तिचे सगळे पासवर्ड बदलू द्या, कारण तेही ॲपने टिपलेले असण्याची शक्यता आहे. नवे पासवर्ड विचारू नका.

काही प्रसंगी मात्र मी वेगळा सल्ला दिला असता. मूल स्वतःला इजा करण्याच्या विचारात आहे, कोणी अनोळखी प्रौढ त्याला गोड बोलून जाळ्यात ओढत आहे किंवा छायाचित्रांच्या जोरावर धमकावत आहे, अशी ठोस शंका असेल, तर आईवडिलांनी फोन पाहावा. तेव्हा खासगीपणापेक्षा जीव मोठा असतो. पण तेव्हासुद्धा "मला भीती वाटते आहे, म्हणून मी आत्ता तुझा फोन पाहणार आहे" असे सांगून पाहावा आणि लगेच जाणकाराची मदत घ्यावी. गुपचूप वाचत राहणाऱ्या पालकांना धोका दिसतो, पण दिसल्याचे कबूल करता येत नसल्याने ते हालचाल करू शकत नाहीत. तुमचा गेला आठवडा असाच गेला.

यापुढे लक्ष ठेवायचे ते उघडपणे. नवे ॲप घेण्याआधी विचारायचे, रात्री किती वाजेपर्यंत फोन वापरायचा, ठिकाण एकमेकांना दिसू द्यायचे असेल तर तिचे तुम्हाला आणि तुमचे तिला, हे सगळे तिच्याशी बोलून ठरवता येईल. दर सहा महिन्यांनी ते पुन्हा पाहा आणि दर वेळी थोडे सैल करा. बहुतेक समाजमाध्यमे खाते उघडण्यासाठी तेरा वर्षांची अट घालतात, म्हणून तेरा ओलांडले की मूल या जगासाठी तयार झाले, असा समज पसरला आहे. या आकड्याचे मूळ अमेरिकेतल्या १९९८ च्या एका कायद्यात आहे, आणि तो कायदा कंपन्यांनी मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये यासाठी आहे. मुलांची समज किती, याचा निवाडा त्याने केलेला नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत अशा संमतीचे वय सोळा आहे आणि देशांना ते तेरापर्यंत खाली आणण्याची मुभा आहे. आकडा कोणताही असला, तरी तुमची मुलगी किती जबाबदारी पेलते हे पाहायचे काम तुमच्याकडेच राहते.

आता तिने जे लिहिले त्याकडे येतो. टोपणनाव घेतले हा तिचा गुन्हा नाही, आणि तिला रागावताना हा मुद्दा मिसळू नका. टोपणनावाआड राहून लोक आपला आजार, घरातला छळ, वरिष्ठांची दडपशाही यांविषयी लिहू शकतात. उद्या त्या अडखळत बोलणाऱ्या मुलीला आपले दुःख कुठे मांडावेसे वाटले, तर तीही कदाचित टोपणनावच घेईल. सक्तीने खरी नावे घ्यायला लावण्याचा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला आहे. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहिण्याआधी ओळख पटवणे बंधनकारक होते. बेकायदा मजकूर लक्षणीय कमी झाल्याचे दिसले नाही. दरम्यान, २०११ मध्ये एका मोठ्या संकेतस्थळावरून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. खरे नाव लावूनही माणसे क्रूर लिहितात, हे तर आपण रोज पाहतो.

मग पडद्यामागे गेल्यावर एरवी बरी वागणारी मुलगी अशी का होते? जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये याची कारणे मांडली होती. नाव झाकलेले असते हे त्यातले एक कारण. समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि त्याची प्रतिक्रिया त्याच क्षणी येत नाही, ही आणखी दोन. वर्गात त्या मुलीच्या तोंडावर तेच वाक्य म्हटले असते, तर तिचे खाली गेलेले डोळे दिसले असते आणि पुढचे वाक्य कदाचित घशात अडकले असते. पानावर दिसतात ती फक्त मैत्रिणींची हसरी चिन्हे. तुमच्या मुलीचा मजकूर सर्वांत बोचरा होता, याचा अर्थ ती सर्वांत दुष्ट आहे असा मी लावत नाही. तिला शब्द चांगले वापरता येतात आणि त्यासाठी तिला दाद मिळत होती, असा लावतो. मात्र यातले काहीही तिच्या बाजूने सबब म्हणून वापरू नका. ज्या गोष्टीवर त्या मुलीचा काहीच इलाज नाही, ती हेरून चारचौघांत हसण्याचा विषय करणे हे मतस्वातंत्र्यात बसत नाही. बालहक्क संहितेच्या १३व्या कलमाने मुलांना अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि इतरांच्या हक्कांची व प्रतिष्ठेची मर्यादाही तिथेच नोंदवली आहे.

तिने तुमच्याविषयी जे कडवट लिहिले, ते मात्र या हिशेबात धरू नका. ते तुम्हाला उद्देशून लिहिलेले नव्हते, जगासमोर मांडलेले नव्हते, आणि चौदाव्या वर्षी मैत्रिणीजवळ आईबापांची तक्रार करणे हा मोठे होण्याचा भाग आहे. तुम्हाला लागले असेल, ते समजू शकतो. पण ते वाचण्याचा अधिकारच नव्हता म्हटल्यावर त्याचा जाब विचारण्याचाही नाही. तसेच, ती एखाद्या विषयावर तुमच्या घराच्या मताविरुद्ध लिहीत असेल, एखाद्या नियमावर किंवा शिक्षकांच्या निर्णयावर टीका करत असेल, तर ते तिला लिहू द्या. सगळ्याच लिहिण्यावर डोळे वटारले, तर टीका कुठे संपते आणि टवाळी कुठे सुरू होते हे तिला कधीच उमगणार नाही.

तिने काय करायचे, हे बव्हंशी तिच्याकडून येऊ द्या, पण काही गोष्टींवर ठाम राहा. पानावरचा तिचा मजकूर निघाला पाहिजे. तो काढण्याआधी त्याची प्रत ठेवा, कारण त्या मुलीच्या आईवडिलांना आणि शाळेला काय घडले ते पाहण्याचा हक्क आहे, आणि पुरावा पुसून मागितलेली माफी अर्धी असते. स्क्रीनशॉट कोणाकोणाकडे असतील हे सांगता येत नाही, त्यामुळे "काढले, आता संपले" असे म्हणण्याची सोयही तिला देऊ नका. माफी समोरासमोर आणि स्वतःच्या नावाने मागायला हवी. पण आधी त्या मुलीच्या घरी विचारा, तिला भेटायचे आहे का. तिला नको असेल, तर चार ओळींचे पत्र द्या. माफीचा मजकूर तुम्ही सांगू नका. "कोणाचे मन दुखावले असेल तर" अशी पळवाट त्यात आली, तर तेवढी मात्र दाखवून द्या. समोरची मुलगी क्षमा करेल अशी अपेक्षा ठेवू नका, मुलीलाही ठेवू देऊ नका.

तुम्हीही त्या मुलीच्या आईला फोन करा. हे काम मला या सगळ्यात सर्वांत अवघड वाटते, आणि तेच लोक सर्वांत आधी टाळतात. आपल्या मुलीने काय केले ते सांगा, स्पष्टीकरणे देऊ नका, आणि त्यांचा राग ऐकून घ्या. शाळेत जाताना मुलीला बरोबर न्या. पानावर जे सगळ्यांना दिसते ते शाळेला दाखवायला हरकत नाही. पण इतर मुलींचे जे खासगी संदेश तुम्ही ॲपमधून वाचले, ते कोणालाही दाखवू नका, त्यातून त्यांचा दोष सिद्ध होत असला तरी. ते तुमच्याकडे असायलाच नको होते.

फोन काही दिवस काढून घ्यायचा असेल, तर घ्या. कारण सांगून घ्या, किती दिवसांसाठी ते सांगा आणि ठरल्या दिवशी परत द्या. शिक्षा म्हणून ते चालेल, पण त्यातून ती काही शिकेल असे समजू नका. शिकेल ती त्या मुलीसमोर उभी राहील तेव्हा.

शेवटी फोटोंविषयी. तुम्ही ते पत्राच्या टोकाला, जाता जाता लिहिले आहे, पण तुमच्या घरात खासगीपणाविषयी पहिला शब्द त्या दिवशी तिने उच्चारला होता. ज्या वयात तिला विचारणे शक्यच नव्हते, त्या वयातली तिची छायाचित्रे तुमच्या खात्यावर आहेत, ती आज तिचे वर्गमित्रही पाहू शकतात, आणि आता ती विचारण्याजोगी झाली तेव्हा आपण हसलो. फ्रान्सने २०२४ मध्ये कायदा करून, मुलांच्या छायाचित्रांवरील हक्काचे रक्षण ही दोन्ही पालकांची जबाबदारी ठरवली आणि त्याविषयीच्या निर्णयांत मुलांना वय व समज पाहून सहभागी करून घ्यायला सांगितले. तुम्हाला त्यासाठी कायद्याची गरज पडू नये. मात्र हे काम कबुलीच्या दिवशी करू नका, त्या दिवशी ते सौद्यासारखे दिसेल. आठवडा जाऊ द्या, मग एखाद्या संध्याकाळी तिला शेजारी बसवा, तुमचे खाते उघडून फोन तिच्या हातात द्या, आणि ती ज्या फोटोवर बोट ठेवेल तो काढून टाका. तुमचा सर्वांत आवडता फोटो त्यात असला, तरी कारण विचारू नका. एक प्रत तुमच्याकडे ठेवायची असेल, तर ते मात्र तिला विचारून ठेवा.